किरकोळ अंगकाठीची गोष्ट

‘‘इतको बारीक माणूस, तेका ॲटॅक कसो इलो?’’ मालवण-वेंगुर्ल्याकडे मयताला जमलेल्या माणसांत हा प्रश्न कुणीतरी हमखास विचारतो. गेलेला माणूस पोट सुटलेला असता, वडे-सागोतीवर ताव मारणारा असता, तर कुणी नवल केलं नसतं. पण ज्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात, गणपतीला मुंबईहून आला की जो न थांबता घाटी चढून घर गाठायचा, तो पन्नाशीच्या आत जातो कसा? मग कुणी मुंबईच्या पाण्यावर खापर फोडतं, कुणी पोराच्या नोकरीच्या टेन्शनवर, कुणी देवचारावर. माणसं पांगतात, प्रश्न तिथेच राहतो. आणि हा प्रश्न अडाणी नाही. वैद्यकशास्त्राला तो नीट विचारायलाच फार उशीर लागला. त्याचं उत्तर शोधण्यातला मोठा भाग मराठी मुलखात, सह्याद्रीच्या पलीकडे पुण्यात आणि पुण्याजवळच्या सहा खेड्यांत घडला.

१९८० च्या दशकात डॉ. चित्तरंजन याज्ञिक ऑक्सफर्डहून मधुमेहाचा अभ्यास करून परतले आणि रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलात काम करू लागले. तिकडच्या पुस्तकांत प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहाचा रुग्ण ठरलेला होता: वय झालेला, वजन वाढलेला. पुण्याच्या ओपीडीत समोर येऊन बसणारे मात्र वयाने तरुण, आणि काट्यावर उभे केले तर पुस्तकाच्या हिशेबाने मुळीच लठ्ठ न ठरणारे. कमरेला टेप लावली की मात्र पोटाचा घेर डोळ्यात भरायचा. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे. कोकणात असा माणूस ओळखायला टेपही लागत नाही, सदऱ्याचं खालचं बटण पुरतं.

आता ही पुस्तकातली पट्टी आली कुठून? उंचीच्या वर्गाने वजनाला भागायचं गणित बेल्जियमच्या ॲडॉल्फ केतले या संख्याशास्त्रज्ञाने १८३० च्या दशकात मांडलं. त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ मध्ये ॲन्सेल कीज यांनी दिलं. हृदयविकाराची जोखीम कशाने वाढते, याचं ज्ञान प्रामुख्याने अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातून आलं. तिथे १९४८ पासून ५,२०९ स्त्रीपुरुषांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट ही सगळी नावं आपल्या तोंडी बसली ती त्या गावामुळे. त्या अभ्यासाचं मोल कमी करायचं कारण नाही. पण ते गाव जवळजवळ पूर्ण गोऱ्यांचं होतं. त्यांच्या अंगावर बेतलेला सदरा जगभर शिवला गेला आणि आपल्याला तो ढगळ होतोय म्हणजे आपण तब्येतीने ठणठणीत आहोत, असा समज आपण करून घेतला.

या समजाला पहिला तडा लंडनमध्ये गेला. साउथॉल भागात राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार जास्त का होतो, याचा पॉल मकीग आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. १९९१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पोटावरची चरबी, इन्शुलिनला शरीराने दाद न देणं आणि मधुमेह यांचं जाळं त्यात दिसलं. पुढे ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून दक्षिण आशियाची आकडेवारी वेगळी काढण्यात आली. २००७ च्या त्या लेखाचे पहिले लेखक नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. पहिला झटका येण्याचं सरासरी वय आपल्याकडे ५३ भरलं, इतर देशांत ५८.८. म्हणजे जवळपास सहा वर्षं आधी. वाडीतली माणसं मयताला जे बोलत होती, त्याला आकडा मिळाला तो इथे.

पण ‘का’ शिल्लकच होतं. त्याचा धागा सापडला एका अगदी अनपेक्षित ठिकाणी, इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यातल्या सुइणींच्या वह्यांत. एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंनी १९११ पासून त्या परगण्यात एक शिस्त लावली होती. सुईण बाळंतपणाला गेली की तिने बाळाचं वजन करून लिहायचं. पुढे वर्षभर आरोग्यसेविकेने घरी जाऊन बघायचं, बाळ अंगावर पितं का ते नोंदवायचं, आणि वर्षाचं झालं की पुन्हा वजन करायचं. शाईने लिहिलेल्या या वह्या दशकानुदशकं पडून होत्या. साउदम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांच्या हाती त्या लागल्या तेव्हा त्या बाळांतली कितीतरी माणसं म्हातारी होऊन मरणही पावली होती. बार्करांनी वहीतली वजनं आणि मृत्यूचे दाखले जुळवले. १९८९ मध्ये ५,६५४ पुरुषांचा हिशेब प्रसिद्ध झाला. वर्षाचं असताना ज्यांचं वजन सर्वांत कमी होतं, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत जास्त होते. म्हणजे साठीत बंद पडणाऱ्या हृदयाची कहाणी पाळण्यात, कदाचित त्याच्याही आधी सुरू होत होती. बऱ्याच डॉक्टरांनी तेव्हा याला वेड्यात काढलं. लहान बाळ म्हणजे गरीब घर, आणि गरीब घर म्हणजे पुढे आजारपण. यात पोटातल्या दिवसांचा काय संबंध, हा आक्षेप काही अगदीच चुकीचा नव्हता.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बार्कर पुण्याला आले. ते ज्या कमी वजनाच्या बाळांविषयी बोलत होते, ती इंग्लंडात शोधावी लागत. पुण्यात ती रोजच्या वॉर्डात होती. डॉ. बानू कोयाजी यांनी घडवलेल्या केईएम हॉस्पिटलात बाळंतपणांची नोंद चोख होती. इथे जन्मलेली मुलं चार वर्षांची झाली तेव्हा याज्ञिकांच्या गटाने त्यांना बोलावून ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि रक्त तपासलं. जन्मताना जी मुलं लहान होती, त्यांच्या रक्तात अर्ध्या तासाने साखर आणि इन्शुलिन दोन्ही चढी सापडली. चार वर्षांच्या पोराच्या रक्तात! तीच पाहणी वाढवून आठव्या वर्षी ४७७ मुलांची झाली, आणि सर्वांत वाईट आकडे निघाले ते जन्मताना लहान आणि आठव्या वर्षी मोठ्या झालेल्या मुलांचे. ‘पोर कसं बाळसेदार झालंय’ म्हणून आजीने ज्याची दृष्ट काढावी, तेच पोर.

इथून पुढचं पाऊल धाडसाचं होतं, कारण त्याचं फळ हाती यायला वीस-तीस वर्षं लागणार हे उघड होतं. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाला. साउदम्प्टनच्या कॅरोलिन फॉल त्यात होत्या, आहाराच्या बाजूने आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव होत्या. अभ्यास गरोदर बायकांपासून नव्हे, त्याच्याही आधीपासून सुरू झाला. लग्न झालेल्या, दिवस जाण्याच्या वयातल्या बायकांच्या घरी कार्यकर्त्या दर महिन्याला जात आणि पाळीची तारीख विचारत. सासू ओट्यावर, नवरा दारात, आणि हा प्रश्न. खेड्यातल्या घरात परक्या बाईने महिनोन्महिने तो विचारायचा आणि घराने तो विचारू द्यायचा, यामागे केवढा विश्वास लागला असेल ते गावाकडच्या माणसाला सांगायला नको. अशा अभ्यासांचं श्रेय लेखावरच्या नावांना मिळतं. माझ्या मते निम्मं तरी या बायकांच्या पायपिटीचं आहे.

बाळ जन्मलं की तीन दिवसांच्या आत मोजमाप व्हायचं. नुसतं वजन नाही. लांबी, डोकं, छाती, पोट, दंड. आणि मग एक खास मोजमाप: बाळाला कुशीवर धरून खांद्याच्या फऱ्याखालची कातडी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत हलकेच उचलायची, तिथे कॅलिपरचे दोन जबडे लावायचे आणि काट्यावर मिलिमीटर वाचायचे. कातडीखाली चरबीचा थर किती, ते त्यावरून कळतं. बाळ वळवळत असतं, रडत असतं, आणि एका मिलिमीटरच्या चुकीने हिशेब बिघडतो. म्हणून मोजणाऱ्यांची तालीम पुन्हापुन्हा होई, एकाचं माप दुसऱ्याशी पडताळलं जाई.

सहा खेड्यांतली पूर्ण दिवसांची ६३१ बाळं आणि साउदम्प्टनची ३३८ गोरी बाळं शेजारी ठेवून पाहिली गेली. इकडच्या आया सरासरी २१ वर्षांच्या, ४४.६ किलो वजनाच्या, पाच फुटांना टेकणाऱ्या. तिकडच्या जवळपास २७ वर्षांच्या आणि ६३.६ किलोच्या. इकडच्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलो, तिकडच्यांचं ३.५. इथवर नवल नव्हतं. नवल पुढे होतं. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती, पण सारखी लहान नव्हती. पोटाचा घेर, म्हणजे आतले यकृतासारखे अवयव, सर्वांत मागे. दंड, म्हणजे स्नायू, त्याच्या खालोखाल मागे. लांबी मध्यम. आणि फऱ्याखालची चरबी? ती जवळपास इंग्रज बाळाच्या बरोबरीला पोचलेली. अडीच-पावणेतीन किलोचं, दिसायला मरतुकडं पोर, आणि त्यातही निसर्गाने हाडामांसाला कात्री लावून चरबी मात्र राखून ठेवलेली. २००३ मध्ये हा निबंध आला आणि ‘थिन-फॅट’ बाळ जगभरच्या वैद्यकीय बोलण्यात शिरलं. त्याआधीच, २००२ मध्ये, पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतल्या रक्ताची तुलना झाली होती. वजनाच्या मानाने आपल्या बाळांत लेप्टिन हे चरबीतून सुटणारं संप्रेरक आणि इन्शुलिन जास्त निघालं होतं. आईच्या पोटातून बाहेर येतानाच हे खातं उघडलेलं होतं.

चरबी राखली तर राखली, तिने हृदयाचं काय बिघडतं? इथे गोष्टीत दाह येतो, आणि तो दीडशे वर्षं मागून येतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जे साठतं ती निव्वळ साचलेली घाण नाही, तिथे दाह पेटलेला आहे, असं बर्लिनच्या रूडोल्फ फिरखो यांनी १८५० च्या दशकात सांगितलं होतं. पुढे कोलेस्टेरॉलचा काळ आला आणि फिरखो बाजूला पडले. नळ तुंबतो तशी नस तुंबते, ही समजूत डॉक्टरांना आणि पेशंटांना दोघांनाही सोयीची होती. १९९० च्या दशकात चक्र फिरलं. १९९३ मध्ये गोखान होतामिश्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांची चरबी टीएनएफ हे दाह भडकवणारं रसायन तयार करते. चरबी म्हणजे गाठीला बांधलेलं धान्य नव्हे, ती बोलते, निरोप पाठवते. १९९७ मध्ये बोस्टनच्या पॉल रिडकर यांनी अमेरिकन डॉक्टरांच्या साठवून ठेवलेल्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध केली. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, सीआरपी, हे १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलेलं प्रथिन. शरीरात दाह असला की यकृत ते सोडतं. धडधाकट दिसणाऱ्या ज्या डॉक्टरांत ते वरच्या पट्टीत होतं, त्यांना पुढच्या काळात हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता खालच्या पट्टीतल्यांच्या जवळपास तिप्पट होती. त्या अभ्यासात दिलेल्या ॲस्पिरिनचा फायदाही याच वरच्या पट्टीतल्यांना जास्त झाला होता.

त्याच सुमारास लंडनला जॉन युडकिन आणि विद्या मोहम्मद-अली यांनी माणसाच्या पोटावरच्या चरबीतून इंटरल्यूकिन-६ हे दाहाचं रसायन रक्तात उतरताना मोजलं. युडकिनांनी १९९९ मध्ये साखळी जोडून मांडली: पोटाची चरबी, तिच्यातून सुटणारी रसायनं, त्यांच्या सांगण्यावरून यकृताने सोडलेलं सीआरपी, आणि त्या सगळ्यात निबर होत जाणारं रक्तवाहिन्यांचं अस्तर. (साखरेविरुद्ध १९७२ मध्ये पुस्तक लिहिणारे जॉन युडकिन ते वेगळे.) ठणका नाही, सूज नाही, ताप नाही. वर्षानुवर्षं धुमसत राहणारं काहीतरी. भिंतीतल्या चरबीच्या गोळ्यावर दुधावरच्या सायीसारखं पातळ झाकण असतं. दाह ते आतून कुरतडतो, ते फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी धरते, आणि बारीक माणसाला पहाटे छातीत दुखू लागतं.

हे युडकिन पुण्याच्या कामात सामील झाले. त्यातून ‘क्रायसिस’ नावाचा अभ्यास उभा राहिला. पुणे परिसरातले ४४१ मध्यमवयीन पुरुष: १४९ खेड्यातले, १४२ झोपडपट्टीतले, १५० शहरी मध्यमवर्गीय. चरबी, दाह आणि रक्तातली साखर या तिघांचं एकमेकांशी काय नातं, हा प्रश्न. २००८ मध्ये ‘डायबेटोलॉजिया’त तो निबंध आला. खेड्यातून झोपडपट्टीत आणि झोपडपट्टीतून मध्यमवर्गात येताना अंगावरची चरबी पायरीपायरीने वाढत गेलेली, आणि साखरेच्या बिघाडात त्या चरबीचा वाटा मोठा.

मालवणी वाचकाने हे तीन गट वाचले तर त्याला त्यात आपलंच घराणं दिसेल. सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता, आणि गिरणगावाच्या साच्यावर उभी राहिलेली माणसं मोठ्या संख्येने याच जिल्ह्यातली. आजोबा गावी: नाचणीची भाकरी, उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, मिळाला तर बांगडा, आणि दिवसभर नांगर नाहीतर होडी. वडील लालबाग-परळला, दहाबाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे, खानावळवाल्या मावशीकडे जेवणारे. नातू बोरिवली-डोंबिवलीत, लिफ्टच्या इमारतीत, सकाळी लोकलमध्ये उभा आणि दिवसभर खुर्चीत बसलेला. पुण्यात संशोधकांनी एकाच वेळी शेजारी ठेवलेल्या तीन जागा कोकणातलं घराणं तीन पिढ्यांत पार करतं. देहाची घडण आजीच्या पोटातल्या टंचाईची, आणि ताट मात्र नातवाचं भरलेलं. आठव्या वर्षी मोठं झालेलं ते लहान बाळ इथे अख्ख्या समाजाच्या मापाचं होतं.

जानेवारी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ने एक छायाचित्र छापलं. इंग्रजी ‘वाय’ने आडनाव सुरू होणारे दोघे त्यात शेजारी उभे होते, याज्ञिक आणि युडकिन. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, कुठल्याही तक्त्यात निरोगी. पण क्ष-किरणांच्या यंत्राने चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. सोबतच्या मजकुरात दोघांनी थट्टाही केली होती: युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचं धावणं म्हणजे सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी ती गाठणं. शेकडो तक्त्यांनी जे पटलं नसतं ते या एका चित्राने पटवलं, आणि संशोधकाने स्वतःचं अंग पुरावा म्हणून पुढे केलं हेही विशेष. त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात, जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २५ ची रेघ तशीच ठेवून आशियाई लोकांसाठी २३ हा सावध होण्याचा आकडा सुचवला.

‘क्रायसिस’च्या त्याच ४४१ पुरुषांच्या रक्तातून आणखी एक गोष्ट निघाली. ६७ टक्के जणांत बी-१२ जीवनसत्त्व कमी, आणि ५८ टक्के जणांत होमोसिस्टीन वाढलेलं. होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचं नाव रक्तवाहिन्यांच्या आजाराशी १९६९ पासून जोडलेलं. सर्वांत वाईट अवस्था खेड्यातल्या शेतकऱ्याची नव्हती, शहरी मध्यमवर्गाची होती: ८१ टक्क्यांत बी-१२ कमी. शाकाहार हे त्याचं एक मोठं कारण निघालं. हे ऐकून आमच्याकडे कुणी मिशीवर ताव देऊन माशांचं कौतुक सुरू करील, आणि बी-१२ पुरतं ते खरंही आहे. बांगडा, तारली, सुका जवळा सगळ्यांत ते आहे. पण होमोसिस्टीन औषधाने उतरवून झटके कमी होतात का हे मोठ्या चाचण्यांत तपासलं गेलं तेव्हा २००६ पर्यंतच निराशा पदरी आली होती. शिवाय सोमवार, संकष्टी, श्रावण आणि पावसाळ्यातली मासेमारी बंदी वजा केली, घरात आधी कुणाचं ताट वाढलं जातं हे पाहिलं, की बाईच्या वाट्याला आलेला तुकडा किती, हा हिशेब वेगळाच निघतो.

दाहाच्या बाजूने औषधवाल्यांचा शोध चालूच होता. २०१७ मध्ये रिडकर यांच्या ‘कँटोस’ चाचणीत झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवर एक महागडं इंजेक्शन वापरून पाहिलं. त्याने कोलेस्टेरॉलला हातही लावला नाही, फक्त दाह उतरवला, तरी मधल्या मात्रेवर पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्के घटले. फिरखोंचं म्हणणं मनुष्यावर सिद्ध झालं ते असं, दीड शतकाने. २०२० मध्ये ५,५२२ रुग्णांवर कोल्चिसिन या संधिवाताच्या जुन्या, स्वस्त गोळीने ३१ टक्के घट दाखवली, आणि जून २०२३ मध्ये अमेरिकेने हृदयविकारासाठी तिला मान्यता दिली. लगोलग २०२४ च्या एका मोठ्या चाचणीत मात्र ताज्या झटक्यानंतर तिचा फायदा दिसला नाही. हे कोल्चिसिन ज्या वनस्पतींतून निघतं त्यांतली एक म्हणजे कळलावी. पावसाळ्यात आमच्या वईवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते तीच, कोकणात तिला खड्यानागही म्हणतात. तिचा कंद जहरी आहे, त्याने माणसं मेलेली आहेत. तेव्हा वाचून कुणी ती उपटायला जाऊ नये.

मला मात्र या इतिहासात इंजेक्शनपेक्षा पुण्याची वाट मोठी वाटते. बोस्टन झटका आलेल्या पुरुषाकडे पाहत होतं. पुण्याने त्याच्या आईकडे पाहिलं. सहा खेड्यांत शोभा राव आणि सहकाऱ्यांना आढळलं की बाळाचं आकारमान आईने एकूण किती खाल्लं, याच्याशी फारसं बांधलेलं नव्हतं; हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध तिच्या पानात किती वेळा आलं, याच्याशी होतं. आणि गरोदरपणात तिने शेतात किती राबलं, विहिरीवरून पाणी किती वाहिलं, याच्याशी. भातलावणीला पोटुशी बाई वाफ्यात वाकलेली असणं कोकणात काल-परवापर्यंत कौतुकाने सांगितलं जाई: ‘‘माझी आये लावणी करून घराक इली आणि रात्री मी झालंय.’’ त्या कौतुकाची किंमत त्या वाक्याच्या शेवटी जन्मलेल्या माणसाने भरली असण्याची शक्यता आहे.

पुण्यातला धागा घेऊन मुंबईत डॉ. रमेश पोतदार आणि कॅरोलिन फॉल यांनी २००६ पासून झोपडपट्टीतल्या बायकांना दिवस जाण्याच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ द्यायला सुरुवात केली. साडेसहा हजारांवर बायका त्यात होत्या. दिवस राहण्यापूर्वी तीन महिने तरी ज्यांनी तो सुरू केला होता, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने वाढलं. एवढंसंच, आणि तेही फार हडकुळ्या आयांत नाही. पण गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण १२.४ वरून ७.३ टक्क्यांवर आलं. पुण्याच्या सहा खेड्यांत १९९० च्या दशकात जन्मलेली मुलंमुली तोवर वयात आली होती. २०१२ पासून ‘प्रिया’ या चाचणीत त्यांनाच, पुढच्या पिढीसाठी, रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ दिलं गेलं. ज्या पोरींच्या पाठीला कधी कॅलिपर लागला होता, त्यांच्या बाळांना आता लागू लागला.

कोकणात हे काम उतरलं ते चिपळूणजवळ, डेरवणला. तिथल्या वालावलकर रुग्णालयात डॉ. सुवर्णा पाटील आणि सहकाऱ्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या १६ ते १८ वयाच्या दीड हजारांच्या आसपास मुलींचा दीर्घ अभ्यास हाती घेतला. २०२० मध्ये त्याचा आराखडा प्रसिद्ध झाला. मुलीचं लग्न होण्याआधी तिची उंची, वजन, चरबी, रक्त, आहार बघायचा, आणि पुढे ती आई होईल तेव्हा तिच्या बाळापर्यंत जायचं. त्यात चारुदत्त जोगळेकर हे संख्याशास्त्रज्ञ आहेत. ‘क्रायसिस’च्या ४४१ पुरुषांच्या निबंधावर याज्ञिकांच्या लगेच पुढे याच जोगळेकरांचं नाव होतं. पुण्याच्या पुरुषांच्या रक्तातल्या दाहाचा हिशेब मांडणारा माणूस आता कोकणातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरींच्या उंची-वजनाचे तक्ते मांडतो आहे.